हो, दुसरं मशीन आलं होतं

प्रिय बाई,

काल दुपारी केतकीचा फोन आला. तुमची केतकी. मी मुलुंडला एका बिल्डिंगच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये होतो, दोन्ही हात ग्रीसने भरलेले. तिचं नाव बघितलं आणि कोपराने फोन उचलला.

"चौकशीचा कागद आलाय," ती म्हणाली. "वाचते. ऐका."

तिने एका दमात वाचून टाकलं. त्या दिवशी मतदान केंद्रावर तुम्ही जे केलंत ते सगळं नियमाला धरून होतं. तुमच्यावर घेतलेल्या संशयाला काही आधार नव्हता. खाली सही, शिक्का. तुमच्या नावाआधी 'कै.' लावायचं मात्र राहून गेलंय. त्या कागदात तुम्ही अजून आहात, बाई.

मी म्हटलं, "केतकी, मला तुझी माफी मागायचीय."

"माझी नको. आईची मागा." आणि फोन बंद.

म्हणून लिहायला बसलोय. मला कुठे लिहायची सवय! दर महिन्याला लिफ्टांच्या कार्डांवर 'तपासली, ठीक आहे' असं लिहून सही ठोकतो, तेवढंच माझं लिखाण. चौथी ब मध्ये तुम्ही माझ्या निबंधाच्या वहीवर लाल पेनाने लिहायचात, 'अपूर्ण'. आजचा पूर्ण करायचा प्रयत्न करतो. पण तुम्ही वाचणार नाही आहात, तर पूर्ण केला की नाही हे सांगणार कोण?

त्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत कसं? तीस वर्षं उलटून गेली होती. मी टकला झालोय, पोट सुटलंय. पहाटे साडेपाचला आमच्या नाहूरच्या त्या शाळेत पोलिंग एजंटचा बिल्ला लावून शिरलो, तर टेबलामागे केंद्राच्या मुख्य अधिकारी म्हणून तुम्ही. चष्मा, सुती साडी, समोर कागदांचा गठ्ठा. मी फॉर्म पुढे केला, सही केली आणि तुम्ही वर न बघताच म्हणालात, "डावखुरा. मेस्त्री ना तू? घाटकोपरची शाळा."

मी चाळीस पार केलेला माणूस, खरं सांगतो, ताठ उभा राहिलो!

समोरच्या पक्षाची एजंट भारती होती. आमच्याच बिल्डिंगमधली, बी विंगची. कोळ्यांची पोर, मुलुंडच्या मार्केटमध्ये मासळी विकते. तुमच्यासमोर माझी ती अवस्था बघून ती खिदळायला लागली. "बाई, याला कधी अंगठे धरून उभा केलावता की नाय?"

"रोज," तुम्ही म्हणालात. तुम्ही थापा पण मारायचात, बाई. मला एकदाच उभं केलं होतंत.

किती छान दिवस होता तो! हे मी आता सांगितलं तर कोणाला पटणार नाही. बाहेर दोन्ही पक्षांची टेबलं रस्त्याच्या दोन कडांना, मधे पोलीस, पोरं एकमेकांकडे डोळे वटारून बघतायत. आणि आत आम्ही तिघं एका फळ्याखाली. मतदान सुरू व्हायच्या आधी तुम्ही आम्हा दोघांना मशीनवर खोटी मतं टाकायला लावलीत, मोजून दाखवलीत, पुसून दाखवलीत, मग सील केलंत. प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग करायची, मग आमची सही. भारतीने डब्यातले तळलेले बोंबील पुढे केले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी नाही खात, पण वास झकास आहे हो."

मग दुपारी ते यंत्र अडकलं.

मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी दाखवतं ते यंत्र. चिठ्ठी अर्धी आली आणि थांबली. बटणाचं मशीन ठीक होतं, मतं जिथे साठतात तेही ठीक. फक्त ती चिठ्ठीची पेटी. तुम्ही मतदान थांबवलंत, फोन केलात. निवडणुकीचे साहेब गाडीतून दुसरी पेटी घेऊन आले. बाहेर रांगेत बोंबाबोंब. भारती म्हणाली, "बाई, घ्या ना सही पटकन. लोकं आत घुसतील."

तुम्ही हललासुद्धा नाहीत. कोणती पेटी बंद पडली, तिचा नंबर, नवीन पेटीचा नंबर, बाकीची मशीनं तीच आहेत, किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, सगळं लिहून काढलंत आणि शाळेत धडा वाचायचात तसं मोठ्याने वाचून दाखवलंत.

"ऐकल्याशिवाय सही करायची नाही," तुम्ही म्हणालात. "उद्या कोणी विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे."

मी सही केली. भारतीने केली. संध्याकाळी मतदान संपल्यावर एकूण आकडा लिहिलेल्या कागदाची एकेक प्रत आम्हाला दिलीत. मी ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

मग निकाल लागला, आणि आम्ही हरलो. थोडक्यात हरलो. मोठ्या फरकाने हरलं की माणूस घरी जाऊन झोपतो, थोडक्यात हरलं की वेडा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद काढला आणि आमच्या बूथची मोजणी ताडून बघितली. जुळत होती. एका मताचाही फरक नाही. चहा प्यायलो आणि कागद कपाटात ठेवला.

म्हणजे मला माहीत होतं, बाई. पहिल्याच सकाळी माहीत होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी पक्षाच्या ऑफिसात गेलो. तुडुंब गर्दी. कोणी रडतंय, कोणी शिव्या देतंय. आमचे अण्णा, म्हणजे विभागाचे मुख्य, खुर्चीवर उभे. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असणार. त्यांनी मला पुढे बोलावलं. चारपाच मोबाईल माझ्या तोंडासमोर आले.

"सुहास, तुझ्या बूथवर दुपारी दुसरं मशीन आलं होतं की नाही? फक्त हो का नाही, एवढंच सांग."

"हो," मी म्हटलं. "दुसरं मशीन आलं होतं."

एवढा आरडाओरडा झाला! मी तोंड उघडंच ठेवलं होतं. पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण ते फक्त चिठ्ठीचं होतं, आमच्यासमोर बदललं, मी स्वतः सही केलीय. इतकंच तर बोलायचं होतं! आणि कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णांनी खांद्यावर हात टाकला. मी लिफ्टवाला माणूस, बाई. लोक मला लिफ्ट बंद पडल्यावर आठवतात आणि चालू झाली की विसरतात. त्या खोलीत पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते.

मला ती थाप आवडली. मी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप कुठच्या कुठे पोचली. खाली कोणीतरी तुमचं नाव, तुमची शाळा, घाटकोपरची तुमची बिल्डिंग, सगळं टाकलं. ते मी टाकलं नाही. पण तुमची शाळा कोणती हे ऑफिसात आदल्या दिवशी कौतुकाने कोणी सांगितलं होतं? मीच. 'आमच्या बाई होत्या रे बूथवर, काय शिस्त!' असं सांगितलं होतं.

तुमच्या दारावर 'मशीनवाली बाई' असं काळ्या रंगात लिहिलं, ते मला केतकीकडून नंतर कळलं. तुम्ही दोघी रॉकेल आणि फडकं घेऊन पुसत होतात आणि शेजारची दारं बंद होती. वर्गातल्या चार मुलांच्या आयांनी येऊन सांगितलं, आमच्या मुलाचा वर्ग बदला. निवृत्तीला आठ महिने उरले होते तुमच्या!

इकडे आमच्या बिल्डिंगची वाट लागली. ए विंग आमची, बी विंग त्यांची. इतकी वर्षं एकच सत्यनारायण व्हायचा, यंदा दोन झाले, एकाच दिवशी, दोन लाऊडस्पीकर लावून. मार्केटात आमच्या पोरांनी भारतीची मासळीची पाटी उलटी केली. सुरमई, कोलंबी, सगळं गटारात. मोबाईलवर माझीच क्लिप वाजत होती, माझाच आवाज. हो, दुसरं मशीन आलं होतं. हो, दुसरं मशीन आलं होतं.

ती मासळी गोळा करून तशीच माझ्या दारात आली. हातांना खवले चिकटलेले.

"तू होतास ना रं तिथं? माझ्या बाजूला बसला होतास ना?"

मी म्हटलं, "भारती, क्लिप कापलीय त्यांनी."

"मग न कापलेली दाखव."

माझ्याकडे नव्हती. कारण ती कुठेच नव्हती, बाई.

तुमचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मला वाटलं होतं, ओरडाल. तुम्ही आधी विचारलंत, "आई बरी आहे का रे?" आणि मग, "सुहास, तू बोललास ते खोटं नाही. पण तेवढंच का बोललास?"

"बाई, पुढचं कापलं त्यांनी."

तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. वर्गात कोणी वाचता वाचता अडखळला की तुम्ही असंच गप्प राहायचात आणि मग म्हणायचात, "पुढे?" फोनवर ते नाही म्हणालात. म्हणालात, "कापलं, का तू थांबलास?"

"बाई..." मी म्हटलं.

"बरं," तुम्ही म्हणालात. "चौकशी लागलीय माझी. तुला बोलावतील. तिथे येऊन पूर्ण सांग. एवढंच."

का नाही ओरडलात? एक कानाखाली मारली असतीत, तर मी दुसऱ्या दिवशी धावत आलो असतो! तुमचं ते 'बरं' मला झेपलं नाही.

चौकशीची पहिली तारीख आली. मी गेलो नाही. अंधेरीला काम निघालंय, असं कळवून टाकलं. भारती गेली. समोरच्या पक्षाची असून, पाटी उलटी झालेली असून, मार्केट बुडवून गेली आणि जे झालं ते सांगून आली. पण ती जिंकलेल्यांची माणूस. लोक म्हणाले, ती तर म्हणणारच! हरलेल्या बाजूच्या माणसाने सांगितलं तरच त्याला वजन होतं, आणि तो माणूस अंधेरीला एका चालू लिफ्टचे दरवाजे उगाच उघडत-मिटत बसला होता.

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आलात. रविवारी, अचानक. आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद! मी लिफ्टवाला, आणि माझ्याच बिल्डिंगची लिफ्ट दोन विंगांच्या भांडणात दुरुस्त होत नव्हती. कोणाच्या माणसाला काम द्यायचं, यावर मीटिंगा चालल्या होत्या. तुम्ही चार माळे चढून आलात. दार उघडलं तर तुम्ही कठड्याला धरून उभ्या, ओठ पांढरे.

माझी आई धावत आली. "अरे मेल्या, बाईंका चार माळे चढाक लावलंस? खाली जावन भेटाक काय झाला तुका?"

तुम्ही पाणी प्यायलात, चहा घेतलात, आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत. मी चौथीत शाळा सोडायला निघालो होतो तेव्हा तुम्ही आमच्या चाळीत येऊन आईला समजावलं होतंत, ते तिला सगळं आठवत होतं. पुन्हा पुन्हा सांगत होती. तुम्ही हसत होतात. तासभर बसलात आणि क्लिपचं एक अक्षर काढलं नाहीत तिच्यासमोर. आई अजून म्हणते, "बाई माका भेटाक इल्ल्यो." मी तिला अजून सांगितलेलं नाही.

का वाचवलंत मला, माझ्याच आईपासून?

खाली सोडायला मी जिन्यावरून तुमच्यासोबत उतरलो. दुसऱ्या माळ्यावर तुम्ही थांबलात.

"सुहास, मला तुझी बाजू नकोय रे. तू मत कोणाला दिलंस, पुढे कोणाला देशील, तो तुझा प्रश्न. मला फक्त त्या खोलीत काय झालं तेवढं हवंय. ते माझं एकटीचं नाही. त्या दिवशी साडेआठशे माणसं रांगेत उभी राहिली होती, तुझ्या बाजूची पण. ती सगळी उगाच उभी राहिली, असं ठरतंय तुझ्या त्या वाक्याने."

"येतो बाई. या वेळी नक्की येतो."

"तब्येत सांभाळ," तुम्ही म्हणालात. मला! तुम्ही!

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी अण्णांनी बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनीही. "आपलं प्रकरण कोर्टात गेलंय. तुझ्या क्लिपवर उभंय ते. तू आता वेगळं बोललास तर आपली पोरं तोंडावर पडतील. चारपाच महिने गप्प बस. बाईंना काय, पेन्शन थोडी अडणारे?"

मी म्हटलं, "अण्णा, पण ते मशीन फक्त चिठ्ठीचं होतं."

"मला माहितीय," अण्णा म्हणाले.

ऐकलंत बाई? त्यांना माहीत होतं. त्या खोलीतल्या किती जणांना माहीत होतं कोण जाणे. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन बंद करून कामावर गेलो.

भारती तुमच्यासोबत गेली होती. तिने सांगितलं. तुम्ही बाकड्यावर बसून होतात, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळ्या कागदांच्या प्रती. दार वाजलं की मान वर. "येईल तो," असं दोनदा म्हणालात. जेवायची सुट्टी झाली, तरी उठला नाहीत. भारती म्हणाली, "मी म्हटलं, बाई, तो नाय येत. तर म्हणतात कशा, त्याला वेळ लागतो. चौथीत पण लागायचा."

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

मार्केटमध्ये भारतीनेच सांगितलं. कोयता हातात होता तिच्या, गिऱ्हाईक समोर होतं. "तुझ्या बाई गेल्या सकाळी," एवढंच म्हणाली आणि पापलेट कापत राहिली.

डॉक्टरांनी बीपी सांगितलं. केतकीनेही बीपीच सांगितलं. जुनाच त्रास होता म्हणे, गोळ्या चालू होत्या. मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. तेच तर, बाई! कोणी आरोप केला असता तर मी भांडलो असतो, म्हटलं असतं की माझ्यामुळे नाही. आता कोणाशी भांडू? ते चार माळे, ते बाकडं, ते पुसलेलं दार, यांतलं कशाचं किती, हे मला कोण सांगणार?

मी घाटकोपरला आलो होतो. तुमच्या बिल्डिंगसमोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, औषधाच्या दुकानाशेजारी. तुम्हाला खाली आणलं तेव्हा माणसं मोजकीच होती. शेजारची ती बंद दारं उघडली होती म्हणायची, पण लोक गॅलरीतच. मला रस्ता ओलांडता आला नाही. मधे दुभाजकसुद्धा नव्हता.

तेव्हापासून हे सुरू झालं. लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून मी काम करतो. वर अंधार, खाली अंधार, हातातली बॅटरी तेवढी. दोर बघायचा, तेल बघायचं. आणि तिथे मला तुमचा आवाज येतो. फार स्पष्ट. रागावलेला नाही, वर्गातला. "पुढे?"

पहिल्यांदा आला तेव्हा मी खरंच वळून बघितलं. बोरिवलीला सातव्या आणि आठव्या माळ्याच्या मधे. पाय घसरता घसरता राहिला. माझ्यासोबतच्या माणसाला वाटलं, चक्कर आली. आता सवय झालीय असं म्हणणार होतो, पण नाही झालेली. लिफ्टमध्ये, जिन्यावर, कोणी बोलता बोलता थांबलं की मधल्या शांततेत. पुढे? पुढे?

तुमच्या दहाव्याच्या दिवशी मी भारतीच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मला तिथे घेऊन चल."

"आता?" ती म्हणाली. एवढा एकच शब्द. मग तिने पाटीवर ओलं फडकं टाकलं, बाजूच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रिक्षा केली. मासळीच्या वासासकट आम्ही त्या कचेरीत जाऊन बसलो. दोघं, शेजारी शेजारी. एकाच फळ्याखाली बसलो होतो तसे.

चौकशी अधिकारी म्हणजे एक दमलेल्या बाई होत्या, टेबलावर फायलींचा ढीग. मी सगळं सांगितलं. चिठ्ठीची पेटी, तिचा नंबर लिहिलेला कागद, माझी सही, संध्याकाळची प्रत, जुळलेला आकडा. कपाटातला तो कागद समोर ठेवला. ऑफिसातली दुपार सांगितली. थापेचंसुद्धा सांगितलं.

"आधी दोनदा बोलावलं तेव्हा का आला नाहीत?"

"भीती वाटली, असं लिहा."

"कोणाची?"

मी म्हटलं, "आमच्याच माणसांची. आणि खरं सांगायचं तर हरलो हे मान्य करण्याची."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "त्या दिवशी तिरोडकर बाई पाच वाजेपर्यंत बसल्या होत्या." मला वाटलं होतं, जेवायच्या सुट्टीपर्यंत. पाच वाजेपर्यंत, बाई?

संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी मी पुन्हा बोललो. भारतीने मोबाईल धरला. हो, दुसरं मशीन आलं होतं, इथपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेलो. दोन्ही विंगांतले लोक उभे होते. ए विंगमधून कोणीतरी ओरडलं, "कोणाला विकला गेलास रे?" बी विंगमधून टाळ्या पडल्या, त्या तर मला जास्तच टोचल्या. त्या तुमच्यासाठी नव्हत्या, त्यांच्या जिंकण्यासाठी होत्या. भारतीनेच त्यांना झापलं. "टाळ्या कसल्या वाजवता? माणूस मेलंय."

ही क्लिप फार कोणी बघितली नाही. पहिलीसारखी गावभर गेली नाही. तुमचं नाव ज्यांनी चघळलं त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत पोचली असेल? मला माहीत नाही.

दोन दिवसांनी माझ्या स्कूटरवर काळं ऑइल ओतलेलं सापडलं. आमच्याच पोरांनी. मी पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली, नावांसकट. आयुष्यात पहिल्यांदा. बी विंगची पोरं भारतीकडे आली, म्हणाली, आता बघतो त्यांना, त्यांच्या गाड्या ठेवत नाही. भारती दारात आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाय कोणी. त्याने लिहून दिलंय ना चौकीत? मग ते बघतील. तुम्ही कोण?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही त्या दुपारी रांग बोंबलत असताना का हलला नव्हतात.

आमच्या पक्षाचं प्रकरण कोर्टात अजून आहे. तिथे काय ठरेल ते कोर्ट ठरवेल. मला बोलावलं तर तिथेही जाईन आणि हेच सांगेन. आणि एक सांगतो, तुम्हाला आवडेल न आवडेल: माझं मत बदललेलं नाही. मी अजून त्याच बाजूचा आहे. भारतीची माणसं मला अजून आवडत नाहीत, त्यांनी केलेलं बरंच काही पटत नाही, आणि तिच्याशी जिन्यात रोज वाद होतो. पण वाद होतो, म्हणजे बोलणं होतं. बिल्डिंगची लिफ्ट मागच्या आठवड्यात सुरू झाली. दोन्ही विंगांनी सही केली. दुरुस्ती मीच केली.

आता वॉर्डाची निवडणूक आलीय. परवा अण्णा स्वतः घरी आले. खुर्चीच्या कडेला बसले. त्या बूथवर दिवसभर बसायला माणूस मिळत नाहीये म्हणाले. सगळ्यांना झेंडे हवेत, पहाटे साडेपाचला उठून कागद वाचायला कोणी तयार नाही.

"तूच बस," म्हणाले. "पण या वेळी तोंड सांभाळ."

मी म्हटलं, "बसतो अण्णा. पण दिवसभरात तिथे जे होईल ते संध्याकाळी गेटपाशी वाचून दाखवणार. मी आणि भारती, दोघं मिळून. पक्षाला चालेल का?"

अण्णा उठले. दारातून म्हणाले, "त्या बाईंच्या घरी... कोण असतं आता?"

"मुलगी," मी म्हटलं.

ते चपला घालून गेले. दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म आला, सही केलेला.

तुम्ही मला माफ करा, असं मी लिहिणार नाही. केतकीने सांगितलं मागा म्हणून, आणि मी मागतोय. पण ते देणं तुमच्या हातात राहिलेलं नाही, आणि तुमच्या वतीने ते स्वतःच घेऊन टाकायचं, हे मला जमणार नाही. ते तसंच राहू दे माझ्याजवळ.

वचन मात्र देतो, बाई. त्या दिवशी टेबलामागे जो कोणी बसेल, त्याचं नाव, त्याची शाळा मी ऑफिसात सांगणार नाही. त्याने वाचलेलं प्रत्येक वाक्य मी ऐकेन. निकालानंतर त्याच्याबद्दल कोणी माझ्यासमोर तोंड उघडलं, तर मी खोली सोडून जाणार नाही, पूर्ण सांगेन. आणि आपण हरलो असलो, तर अण्णांच्या ऑफिसात, सगळ्यांच्या मोबाईलसमोर, 'आपण हरलो' हे सगळ्यात आधी मी म्हणेन.

तुम्हाला पाच वाजेपर्यंत बसवून ठेवलेला,
सुहास मेस्त्री
नाहूर